सास्तूरच्या प्रेक्षकाने कुरकुर करायची तरी कुठे?

अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ‘मुंबई खिलाडीज’ नावाचा संघ आहे. या संघाने लीगचे पहिले दोन्ही हंगाम खेळले आणि मुंबईत एकही सामना खेळला नाही. पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात झाला, तो सगळा पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. दुसरा २४ डिसेंबर २०२३ ला सुरू होऊन १३ जानेवारी २०२४ ला संपला, तो सगळा कटकमध्ये. चेन्नई क्विक गन्स चेन्नईत उतरले नाहीत, गुजरात जायंट्स गुजरातेत नाहीत, राजस्थान वॉरियर्स राजस्थानात नाहीत. सहा संघांपैकी घरच्या माणसांसमोर खेळायला मिळालं ते एकट्या ओडिशा जगरनॉट्सला, तेही दुसऱ्या वर्षी. मुंबईकराला निदान नाव घेऊन शिव्या घालायला एक संघ तरी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या एखाद्या घरात टीव्हीसमोर बसून ही लीग बघणाऱ्याचं तेवढंही नशीब नाही. खो-खो त्याला चांगला कळतो, कधीकधी समालोचकापेक्षा जास्त. पण या सहांतला आपला कोणता, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि जो संघ आपला नाही, तो हरला म्हणून रागवायचं तरी कुणावर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूरचं नाव किल्लारीच्या जोडीने देशभर पोहोचवलं आणि त्या भागाबद्दल बोलताना पुष्कळ लोक आजही तिथेच थांबतात. या जिल्ह्याची दुसरी ओळख खो-खोची आहे, आणि ती मुख्यतः मुलींनी कमावली आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा संघाची कर्णधार उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात नेपाळला अंतिम सामन्यात ७८-४० असं लोळवणाऱ्या भारतीय महिला संघाचं नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेकडे होतं आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या यशाचा कारखाना कुठल्या वातानुकूलित संकुलात नाही. शाळेचं मैदान, दोन खांब, फक्कीने आखलेली मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढ्यावर खेळ उभा राहतो. पाटीवर आठ मुली एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नववी धावते. पळणारी मुलगी खांबाजवळ वळते, तेव्हा तिची नजर मागून येणारीवर जितकी असते तितकीच बसलेल्यांच्या टाचांवर असते. कुणाची टाच उचलली गेली यावरून पुढचा खो कुणाला मिळणार, याचा तिला अंदाज येतो. हे मैदानाच्या कडेला उभं राहून वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस हा खो-खोच्या कोणत्याही लीगचा पहिला प्रेक्षक असायला हवा. लीगने त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आहे.

लीगबद्दलच्या तक्रारींत सर्वांत मोठ्याने केली जाते ती नियमांची. नऊऐवजी सात खेळाडू, २७ मीटरच्या मैदानाऐवजी २२ मीटरचं, नऊ मिनिटांच्या डावाऐवजी सात मिनिटांचा, मातीऐवजी मॅट. गडी बाद केला की एक गुण, हा साधा हिशेब जाऊन दोन गुण आले आणि सूर मारून टिपला तर तीन. त्यात ‘वजीर’ नावाचा एक आक्रमक, ज्याला दिशेचं बंधन नाही. जुन्या खेळाडूंना हे सगळं पोरखेळ वाटतं. वजिराने तर दिशा न बदलण्याच्या ज्या शिस्तीवर खो-खो उभा आहे, तिलाच सुरुंग लावला, असं त्यांचं म्हणणं. या तक्रारीत तथ्य नाही असं नाही, पण तिच्यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. आज आपण ज्याला अस्सल खो-खो म्हणतो, त्याचे नियमही कुणीतरी बसून ठरवलेलेच आहेत. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती नेमली आणि गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने चालणारा खेळ एका चौकटीत बसवला. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असणारच. शिवाय पहिल्या हंगामाचा अंतिम सामना आठवा. ओडिशा आणि तेलुगू योद्धाज यांच्यात शेवटची काही सेकंदं उरली होती, ओडिशा मागे होतं, आणि सूरज लांडेने सूर मारून गडी टिपला. तीन गुण, निकाल ४६-४५. जुन्या हिशेबाने त्या सुराला एकच गुण मिळाला असता. ज्याने तो सामना पाहिला, त्याने नवीन नियमांवर कितीही टीका करावी, पण त्या क्षणी तो खुर्चीतून उठला नव्हता असं मात्र सांगू नये.

प्रेक्षकांच्या कुरकुरीने खेळ बिघडतो की सुधारतो, हे पाहायला खो-खोपेक्षा बास्केटबॉलकडे वळलेलं बरं, कारण तिथे या भांडणाला पंचाहत्तर वर्षं झाली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनिआपोलिसमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने लेकर्सला १९-१८ असं हरवलं. पूर्ण ४८ मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा धिप्पाड खेळाडू होता, त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून पिस्टन्स चेंडू धरून उभे राहिले, आणि नियमात त्यांना अडवणारं काहीच नव्हतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हा प्रकार पुढेही थोड्याफार फरकाने चालू राहिला, लोक वैतागले, प्रेक्षागृहं ओस पडण्याची भीती मालकांना वाटू लागली. अखेर सिरॅक्यूज या मध्यम गावातल्या संघाचा मालक डॅनी बियासोनी याने कागदावर हिशेब मांडला. लोकांना जे सामने आवडतात, त्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात, सामन्याची सेकंदं २८८०, भागाकार २४. म्हणजे चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत फेकलाच पाहिजे. १९५४-५५ च्या हंगामात हा नियम आला आणि संघांचे सरासरी गुण एका वर्षात ७९ वरून ९३ वर गेले. आज व्यावसायिक बास्केटबॉल कुठेही बघा, ते घड्याळ टांगलेलं असतं.  ते कंटाळलेल्या लोकांच्या ओरड्यातून आलं.

अलीकडचं उदाहरण दमलेल्या खेळाडूंचं. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ८२ सामन्यांच्या हंगामात नामवंत खेळाडूंना मधूनमधून विश्रांती द्यायची प्रथा पडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने आपले मोठे खेळाडू मायामीच्या सामन्याआधीच घरी पाठवले, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड केला, आणि मायामीच्या एका वकिलाने तर तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून संघावर दावा ठोकला. आपल्याकडे हे वाचून हसू येईल. पण प्रश्न लीगने हसण्यावारी नेला नाही. २०२३ मध्ये एनबीएने नियम केला की, मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी पात्र ठरायचं तर किमान ६५ सामने खेळलेच पाहिजेत. नियम पुरेसा आहे की नाही यावर तिथले रसिक पुन्हा भांडत आहेत, हे ओघाने आलंच. यातली मुद्द्याची गोष्ट त्या वकिलाचं तिकीट आहे. त्याने पैसे मोजले होते, आपल्या गावात, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या खेळाडूंना बघण्यासाठी. म्हणून त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. खो-खो लीगच्या प्रेक्षकाला असं वाटण्याची सोयच ठेवलेली नाही. तारीख ठरलेली नाही, गाव ठरलेलं नाही, मग वचनभंग कशाचा?

तारखेचं तर विचारूच नका. लीगची घोषणा २०१९ मध्ये झाली, करोनामुळे पहिला हंगाम २०२२ पर्यंत लांबला, इथवर समजून घेता येतं. पहिला हंगाम पावसाळ्यात, दुसरा पुढच्या वर्षीच्या नाताळात. आणि २०२४ चा नाताळ कोरडाच गेला. त्या वर्षी तिसरा हंगाम झाला नाही, पुढच्या महिन्यात विश्वचषक झाला. विश्वचषक झाला ही आनंदाची गोष्ट, पण विश्वचषक हा लग्नासारखा असतो आणि लीग हा संसार. जत्रेची तिथी दरवर्षी हलवली तर दुकानदारही येत नाहीत, हे तुळजापूरच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

यावर लीग चालवणाऱ्यांचं उत्तर पैशाचं असतं आणि ते खोटं नाही. एकाच ठिकाणी मुक्काम ठोकला की मॅट एकदाच अंथरायची, कॅमेरे एकदाच लावायचे, सहा संघांची राहण्या-जेवणाची व्यवस्था एकदाच करायची. गावोगाव फिरलं की हा खर्च तेवढ्या पटींनी वाढतो. प्रो कबड्डीसारख्या भरभक्कम लीगलाही हे झेपेनासं झालं. २०२३-२४ मध्ये बारा शहरांत फिरलेली ही लीग २०२४ मध्ये हैदराबाद, नोएडा आणि पुणे अशी तीनच शहरांत झाली, म्हणजे यू मुंबाला मुंबई नाही. आणि २०२५ च्या चार शहरांत तर महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. खर्च वाचला हे खरंच. पण हेही पाहावं की, २०१४ पासून मुंबई-पुण्यात कबड्डीचा जो वेडा प्रेक्षक तयार झाला, तो याच लीगने घरी येऊन तयार केला होता. बचत आज करायची आणि तिची किंमत पाच वर्षांनी चुकवायची, असा हा सौदा आहे. खो-खोने तर अजून प्रेक्षक कमावलेलाच नाही. त्याच्या लीगने पहिल्याच पायरीला काटकसर सुरू केली. बरं, संघांचे मालक काही हातावर पोट असलेले नाहीत. अदानी, जीएमआर, कॅप्री ग्लोबल ही नावं त्यांत आहेत.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. प्रेक्षक आता टीव्हीवर आणि मोबाइलवर आहे, मैदान कुठे आहे याने त्याला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो सिॲटलने दाखवला. सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ १९६७ पासून त्या शहरात होता, १९७९ मध्ये विजेता होता. २००८ मध्ये मालकांनी तो उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. सामने टीव्हीवर दिसतच होते. सिॲटलच्या माणसाला आपल्याच जुन्या खेळाडूंना नव्या गणवेशात बघता येत होतं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. आपला संघ परत द्या ही त्या शहराची मागणी त्यानंतर वर्षानुवर्षं चालू राहिली. आणि त्याच शहरात, त्याच २००८ साली एक वेगळी गोष्ट घडली, जिचा आपल्या जिल्ह्याशी जास्त संबंध आहे. सॉनिक्सच्याच मालकांकडे सिॲटल स्टॉर्म हा महिलांचा संघही होता. तो गावाबाहेर जाऊ नये म्हणून स्थानिक महिलांच्या एका गटाने तो विकत घेतला. पुरुषांचा संघ गेला, महिलांचा राहिला, आणि राहिलेल्या संघाने २०१०, २०१८ आणि २०२० अशी तीन विजेतेपदं त्या शहराला दिली.

इथे धाराशिवची खरी तक्रार येते. अल्टिमेट खो-खोचे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. ज्या जिल्ह्याने खेळाला भारताची कर्णधार दिली, त्या जिल्ह्याच्या मुलींना या लीगमध्ये उतरायला जागा नाही. वजीर आला, पॉवरप्ले आला, रंगीत मॅट आली, मुली आल्या नाहीत. सगळ्या नव्या कल्पना सुचल्या आणि ही एक सुचली नाही, याला विसरभोळेपणा म्हणता येत नाही. महिला सामन्यांना प्रेक्षक नाही, हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते तपासून पाहिलेलं नाही. कबड्डीने २०१६ मध्ये महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली, एका हंगामात गुंडाळली. एक हंगाम म्हणजे प्रयोग नव्हे, आंबट तोंडाने चाखलेला घास. क्रिकेटने पंधरा वर्षं हेच कारण दिलं. मग २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ विकायला काढले, तेव्हा त्यांना ४६६९ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. प्रेक्षक आधी जमले आणि मग लीग काढली, असं घडलेलं नाही.

अर्थात क्रिकेटचं उदाहरण खो-खोला लावणं थोडं लबाडीचं आहे, हे मान्य करायला हवं. क्रिकेटच्या नावाने आपल्याकडे काहीही खपतं. बास्केटबॉलचं उदाहरण जास्त प्रामाणिक ठरेल, कारण ते खडतर आहे. अमेरिकेच्या महिलांनी १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं आणि १९९७ मध्ये त्यांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली. लोखंड तापलं होतं तोवर घाव घातला. पण त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ती तोट्यात होती; २०१८ मध्येही एनबीएचे प्रमुख वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरहून जास्त तोट्याची कबुली देत होते. पुरुषांच्या लीगने तो सोसला. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कसारख्या खेळाडू आल्या, प्रेक्षागृहं भरली आणि त्याच वर्षी महिला लीगच्या प्रक्षेपण हक्कांचा ११ वर्षांसाठी २२० कोटी डॉलरचा करार झाला. सत्तावीस वर्षं लागली. खो-खोला इतकी लागतील की कमी, ते आज सांगता येणार नाही. पण मोजायला सुरुवात विश्वचषकाच्या दुसऱ्या दिवशी व्हायला हवी होती. १९ जानेवारी २०२५ ला महिलांनी विश्वचषक उचलला, तेव्हा लोखंड इथेही तापलेलं होतं.

आता कुणी म्हणेल, धाराशिवला संघ मागता की काय? एवढ्या छोट्या जिल्ह्याला कोण पोसणार? मागत नाही. छोट्या गावांचं व्यावसायिक खेळात काय होतं, हे वर आलेल्या नावांवरूनच दिसतं. १९-१८ ने जिंकणारे पिस्टन्स १९५७ मध्ये फोर्ट वेन सोडून डेट्रॉईटला गेले. हरलेले लेकर्स १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेले. आणि ज्या सिरॅक्यूजने साऱ्या बास्केटबॉलला चोवीस सेकंदांचं घड्याळ दिलं, त्याचाही संघ १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. बाजार मोठ्या शहराकडे जातो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. म्हणून मागणी लहान आहे: हंगामातला एक आठवडा. हे अशक्य आहे असं लीगने म्हणू नये, कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये, लीगचा पहिला हंगाम संपून तीन महिने व्हायच्या आत, ५५वी वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादेतच भरली होती. देशभरचे पुरुष आणि महिला संघ तिथे आले, राहिले, खेळले. ज्या शहराला राष्ट्रीय स्पर्धा पेलते, त्याला सहा संघ जड होणार नाहीत. ओडिशाचं सरकार जर स्वतः एका संघाच्या मालकीत उतरू शकतं आणि सगळा हंगाम कटकला नेऊ शकतं, तर ज्या राज्यात या खेळाचे नियम लिहिले गेले, त्या राज्याच्या सरकारला एका आठवड्याचा खर्च उचलणं कठीण नसावं.

तेव्हा पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठरवताना एक आठवडा धाराशिवला द्या. संध्याकाळचा पहिला सामना मुलींचा ठेवा, आणि तो प्रदर्शनीय म्हणून नको, गुणतक्त्यात धरला जाणारा ठेवा. फुकट पास वाटू नका, तिकीट लावा, पन्नास रुपयांचं का असेना; ओरडा सहन करायची तयारी असू द्या. आणि तारखा चार महिने आधी सांगा. सास्तूर-लोहाऱ्याकडून येणाऱ्यांना रात्रीच्या परतीच्या एसटीचं बघावं लागतं.